घराबाहेरचा विस्तव : रोडगा, काला आणि तीन दगडांची चूल

१. विषयप्रवेश

मराठी साहित्याच्या अभ्यासात अन्नाचा विचार प्रामुख्याने दोन अंगांनी झाला आहे. एक, सणवार व कुळाचार यांच्या वर्णनांतून. दुसरे, भूक या आशयसूत्राच्या अनुषंगाने. अन्न कोणते आणि ते कोणाला मिळाले, हे दोन्ही प्रश्न महत्त्वाचेच आहेत. परंतु ते कोठे शिजले, हा तिसरा प्रश्न बहुधा विचारला गेला नाही. घरातल्या चुलीवर शिजलेले अन्न आणि शेताच्या धुऱ्यावर, नदीकाठी किंवा देवाच्या झाडाखाली पेटवलेल्या विस्तवावर तयार झालेले अन्न यांत केवळ चवीचा फरक असतो, की अर्थाचाही, याचा शोध प्रस्तुत लेखात घ्यावयाचा आहे. त्यासाठी भंडारा परिसर ही संदर्भचौकट निवडली आहे.

वैनगंगेच्या खोऱ्यातील हा जिल्हा तलावांचा आणि धानाचा म्हणून ओळखला जातो. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाल्यानंतर भंडारा, मोहाडी, तुमसर, पवनी, साकोली, लाखनी आणि लाखांदूर असे सात तालुके त्यात राहिले. झाडीपट्टी या नावाने परिचित असलेल्या प्रदेशाचा हा एक महत्त्वाचा भाग होय. येथले रोजचे जेवण भाताचे. भात विस्तवावर सरळ भाजून होत नाही. त्याला भांडे लागते, पाणी लागते आणि पाण्याला बांध घालणारी गावाची व्यवस्था लागते. अशा भातखाऊ मुलखात नवसाच्या अथवा वनभोजनाच्या दिवशी गव्हाची कणीक मळून ती गोवऱ्यांच्या आरात भाजली जाते, तेव्हा तो रोजच्या क्रमातला एक ठळक खंड असतो. या खंडाचा अर्थ लावणे हे या विवेचनाचे प्रयोजन आहे.

प्रतिपादनाचे सूत्र थोडक्यात असे मांडता येईल : चुलीवरचे अन्न नात्याच्या नावाने शिजते, घराबाहेरच्या विस्तवावरचे अन्न एका व्यक्तीच्या नावाने, तिने उच्चारलेल्या शब्दाच्या पूर्तीसाठी तयार होते. मात्र हे विधान ज्याला परतण्यासाठी घर आहे, त्याच्यापुरतेच खरे आहे. ज्याचे घरच उघड्यावर आहे, त्याच्या बाबतीत तोच विस्तव निराळे बोलतो.

२. भाजणे आणि शिजवणे

क्लोद लेव्ही-स्त्रोस या फ्रेंच मानवशास्त्रज्ञाने १९६५ च्या एका निबंधात भाजलेले आणि उकडलेले अन्न यांतील भेद सांस्कृतिक संकेत म्हणून मांडला. उकडण्यासाठी भांडे आणि पाणी ही दोन मध्यस्थ साधने लागतात; भाजताना पदार्थ विस्तवाच्या थेट सान्निध्यात येतो. म्हणून उकडलेले अन्न जवळच्या, आतल्या गटाचे आणि भाजलेले अन्न बाहेरच्यांचे, पाहुण्यांचे, असे त्याचे सर्वसाधारण निरीक्षण आहे.

मराठी शब्दव्यवहार या भेदाला बराचसा अनुकूल दिसतो. शिजवणे आणि रांधणे ही क्रियापदे स्वयंपाकघराशी निगडित आहेत. भाजणे या क्रियापदाला मात्र इजेचीही छटा आहे. भाकरी भाजते, आणि भाकरी भाजताना हातही भाजतो. विस्तव, आर, निखारा, आच, धग, फुफाटा अशी अग्नीच्या अवस्थांची जी शब्दमालिका मराठीत आढळते, तीत प्रत्येक शब्दाचे अंतर वेगळे आहे. निखारा हातात धरता येत नाही. धग मात्र न शिवता अंगाला लागते. उद्धव शेळके यांनी वऱ्हाडातील एका कष्टकरी स्त्रीच्या संसाराच्या कादंबरीला ‘धग’ (१९६०) हे नाव दिले, त्यात हा भेद नेमका उपयोगात आला आहे. कौतिक ही नायिका जाळात उडी घेत नाही. ती संसाराच्या जवळ बसून राहते आणि पोळत राहते.

परंतु लेव्ही-स्त्रोसची विभागणी विदर्भातील रोडग्याला जशीच्या तशी लावता येत नाही. रोडगा ज्वाळेवर भाजला जात नाही आणि भांड्यातही शिजत नाही. गोवऱ्या पेटवून त्यांचा जाळ बसू द्यायचा, आर तयार झाला की त्यात कणकेचे गोळे ठेवायचे, वरून गरम राख ओढायची आणि अधूनमधून ते फिरवीत राहायचे, ही त्याची रीत. तो पिकतो तो राखेत. पानगे करताना कणीक पळसाच्या पानांत ठेवली जाते. तेथे पान हे मध्यस्थ होते. आगीतून फुफाट्यात पडणे ही मराठीत आपत्तीची परिसीमा मानली जाते. रोडग्याची सिद्धी मात्र फुफाट्यातच आहे. म्हणजे थेट अग्नी आणि भांडे यांच्यामध्ये राख व पान असे एक तिसरे माध्यम येथे दिसते. गोवरीची राख लोकाचारात शुद्धीचे द्रव्य समजली जाते, हे ध्यानात घेतले म्हणजे या माध्यमाला केवळ पाककृतीचा तपशील समजता येणार नाही.

३. रोडगा : बोललेले अन्न

रोडग्याचा साहित्यातील सर्वांत प्रसिद्ध निर्देश एकनाथांच्या (१५३३–१५९९) भारुडात येतो. एक सासुरवाशीण भवानीला नवस बोलते. सासरा, सासू, जाऊ, नणंद, नणंदेचे मूल आणि अखेरीस नवरा या सर्वांतून आपली सुटका करावी, त्या मोबदल्यात आपण रोडगा वाहू, असे तिचे मागणे आहे. संप्रदायाच्या अर्थनिर्णयनात ही नाती म्हणजे जिवाला जखडणारे विकार आणि एकटे उरणे म्हणजे आत्मस्वरूपी स्थिर होणे होय. हा अर्थ मान्य करूनही एक प्रश्न शिल्लक राहतो : नवस रोडग्याचाच का?

पुरणावरणाचा नैवेद्य त्या स्त्रीला बोलता आला असता. पण तो घराच्या चुलीवर, सासूच्या देखरेखीखाली, कुळाच्या पंचांगानुसार होणारा नैवेद्य आहे. त्याचे कर्तृत्व घराचे असते; हात मात्र तिचे. रोज दोन्ही वेळ तीच रांधते, परंतु त्यातील एकही घास तिच्या नावाचा नसतो. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’तील वडिलांच्या कडक सोवळ्याची हकिगत वाचताना स्वयंपाकघर हे निगराणीचे स्थळ कसे होते, याचा प्रत्यय येतो. रोडग्याला यांतले फारसे काही लागत नाही. जाडसर कणीक, मीठ, ओवा, थोडे तेल, गोवऱ्या आणि उघडी जागा एवढ्यावर तो होतो. भारुडातील नवस उत्तमपुरुषी आणि भविष्यकाळी आहे, ही व्याकरणिक गोष्ट येथे महत्त्वाची ठरते. बोलणारी ‘आम्ही’ म्हणत नाही. घराबाहेरच्या अन्नाचे वचन देताना तिला प्रथमच एकवचन सापडते.

यापुढे भारुडातील उपरोध अधिक सूक्ष्म आहे. रोडगे एकट्याने करावयाचा आणि एकट्याने खावयाचा पदार्थ नव्हे. नवस फेडताना मोठा आर घातला जातो; कोणी कणीक मळते, कोणी गोवऱ्या रचते, कोणी गरम रोडगा कापडात धरून त्याची राख झटकते, तो फोडून त्यावर तूप सोडते. वांग्याची भाजी आणि वरण शेजारच्या चुलीवर मोठ्या गंजात शिजत असते. अनेक ठिकाणी भाजण्याचे काम पुरुष अंगावर घेतात, आणि घरी चुलीकडे न फिरकणारे हात त्या दिवशी फुफाट्यात वावरतात. सोयरेधायरे, शेजारीपाजारी पंगतीला असतात. आता भवानीने या सासुरवाशिणीचे मागणे अक्षरशः पुरवले, तर नवस फेडण्याच्या दिवशी पंगतीला बसणार कोण? सासरा नाही, सासू नाही, जाऊ-नणंद नाही, नवरा नाही. देणारी आणि घेणारी, एवढ्या दोघीच उरतात. लौकिक पातळीवर ही फजिती आहे; आध्यात्मिक पातळीवर हीच अद्वैताची देहली आहे. एकनाथांनी रोडग्याची निवड केली त्यामुळे हे दोन्ही अर्थ एकाच वेळी उभे राहतात. सामूहिक भोजनाची खूण असलेल्या पदार्थाचा नवस एकटेपणासाठी बोलला जावा, यात भारुडाचे नाट्य आहे, आणि रोडगे खाल्लेल्या श्रोत्याला ते न सांगता कळते.

यावरून एक निरीक्षण नोंदवता येते. रोडगा हे ‘बोललेले’ अन्न आहे. तो आधी शब्दांत असतो, मग विस्तवात जातो. आजारपण, अपत्यप्राप्ती, बैलाचे दुखणे, पीक असे त्यामागे एखाद्या व्यक्तीचे भय किंवा इच्छा असते, आणि पंगतीतल्या प्रत्येकाला ती ठाऊक असते. उघड्यावर शिजवणे म्हणजे आपली गरज उघड करणे होय. घरातल्या चुलीला हे साधत नाही. तिचे काम झाकण्याचे आहे.

वऱ्हाडातील बहिरमची यात्रा (अमरावती जिल्हा, चांदूर बाजार तालुका) रोडगे आणि हंडीतील मटण यांसाठी प्रसिद्ध आहे. यात्रांतील पशुबळीविरुद्ध गाडगेबाबांनी (१८७६–१९५६) आयुष्यभर प्रबोधन केले. त्यांचा कटाक्ष बळी, मद्य आणि कर्ज काढून घातलेल्या जेवणावळी यांवर होता. एकत्र बसून जेवण्यावर नव्हता. स्वतः ते घरोघरची शिळी भाकर खापरात घेऊन उघड्यावर खात. नवसाच्या पंगतीचा एक अंगभूत धोका यातून लक्षात येतो : बोललेला शब्द फेडताना माणूस सावकाराला बांधला जाऊ शकतो.

४. काला आणि मांडे : आणलेले व नाकारलेले

घराबाहेरच्या भोजनाचे दुसरे रूप म्हणजे काला. भागवताच्या दशम स्कंधातील गोपाळांचे वनभोजन मराठी संतांनी आपलेसे केले. नामदेव, एकनाथ, तुकाराम यांच्या गाथांत काल्याचे अभंग आहेत आणि सप्ताहाची सांगता आजही काल्याच्या कीर्तनाने होते. येथे विस्तव पेटत नाही, हा रोडग्यापेक्षा ठळक भेद. काल्यात प्रत्येकजण घरची शिदोरी आणतो आणि ती एकत्र मिसळली जाते. घराची खूण असलेले अन्न रानात आणून ती खूण पुसून टाकणे हे काल्याचे कार्य होय. कोणाचे काय होते हे कळेनासे व्हावे, यातच त्याची गोडी. रोडगा व्यक्तीचे नाव पुढे आणतो. काला ते विसर्जित करतो.

महानुभाव परंपरेत या दोहोंहून निराळी वाट दिसते. ‘लीळाचरित्रा’तील नीळभट्ट भांडारेकार यांचे नावच या परिसराशी चक्रधरांचा असलेला संबंध सांगते. चारही वर्णांच्या घरची भिक्षा एका झोळीत घ्यावी आणि ती वस्तीबाहेर सेवन करावी, हा या पंथातील भिक्षाधर्म. त्यामुळे झोळीतच काला झालेला असतो. दुसरीकडे बाइसा ही वृद्ध शिष्या चक्रधरांच्या आरोगणेची व्यवस्था मुक्कामोमुक्कामी करते. मठ, देऊळ, नदीतीर जेथे असेल तेथे तिची चूल जाते. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातील या ग्रंथात घर सोडलेल्या समूहाचे अन्न कसे चालत होते, याचे तपशील विखुरलेले आहेत आणि त्यांचा स्वतंत्र अभ्यास होणे आवश्यक आहे.

नाकारलेल्या चुलीची कथा मात्र ज्ञानदेवांच्या चरित्रपरंपरेत येते. मुक्ताबाईला मांडे करण्यासाठी खापर हवे होते. विसोबा चाटीच्या धाकामुळे कुंभाराने ते दिले नाही. तेव्हा ज्ञानदेवांनी आपली पाठ तापवली आणि तिच्यावर मांडे भाजले गेले, असे महिपतींच्या ‘भक्तविजया’सारख्या ग्रंथांतून सांगितले जाते. चमत्कार बाजूला ठेवला तरी कथेची सामाजिक रचना स्पष्ट आहे. वाळीत टाकणे म्हणजे अन्न नाकारणे नव्हे. पीठ मुलीजवळ होते. नाकारले गेले ते भांडे, म्हणजे विस्तव आणि पीठ यांमधले माध्यम. जेथे समाज माध्यम काढून घेतो, तेथे देहालाच माध्यम व्हावे लागते. विदर्भात आजही उपड्या मडक्यावर लांब पोळ्या आणि मांडे भाजले जातात. ते पाहणाऱ्या विद्यार्थ्याला ही कथा केवळ योगसामर्थ्याची वाटणार नाही.

५. तीन दगड

आतापर्यंत विचारात घेतलेल्या सर्व उदाहरणांत घराबाहेर जाणे ही निवड आहे किंवा तात्पुरती अवस्था आहे. दलित आणि भटक्या-विमुक्तांच्या आत्मकथनांनी या गृहीतालाच छेद दिला. लक्ष्मण माने यांच्या ‘उपरा’त (१९८०) गाढवांमागून गावोगाव फिरणाऱ्या कैकाडी कुटुंबाचे बिऱ्हाड आहे. तेथे चूल म्हणजे गावाबाहेर मांडलेले तीन दगड. उघड्यावरचे जेवण हा तेथे रोजच्या क्रमातला खंड नसून तोच क्रम आहे. दया पवारांचे ‘बलुतं’ (१९७८) आणि बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ (१९८६) यांतील अन्नचित्रणात वाट्याला आलेले आणि वाट्याला टाकलेले यांतला फरक वाचकाला सोसावा लागतो. शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ (२०१५) या पुस्तकात मराठवाड्यातील महार-मांग समाजांच्या खाद्यपरंपरेची नोंद केली. मांस वाळवून टिकवण्याच्या रीती, चान्या, त्यांची साठवण असे तपशील त्यात लेखी स्वरूपात आले आहेत. प्रचलित वचनातील ‘पूर्ण’ हा शब्द बदलून ग्रंथनामातच त्यांनी वाद उपस्थित केला.

या वाङ्मयाच्या उजेडात वनभोजनाची ललित वर्णने पुन्हा वाचली म्हणजे त्यांतील एक मौन जाणवते. उघड्यावरच्या जेवणाची ‘मौज’ ही संध्याकाळी घरी परतण्याच्या खात्रीवर उभी असते. धान रोवणीच्या दिवसांत बांधावर भाकर सोडणारी मजूर स्त्री, तेंदूपानांच्या हंगामात रानात राहणारे कुटुंब, वीटभट्टीवर विटांचीच चूल मांडणारे कामगार यांच्यासाठी तीन दगड म्हणजे सहल नव्हे. तरीही त्या चुलीला व्यक्तिगत अर्थ नसतो असे म्हणणे हा दुसऱ्या टोकाचा अन्याय होईल. ‘उपरा’तील बिऱ्हाड जेथे थांबते तेथे पहिला विस्तव पेटला की तेवढ्यापुरते ते ठिकाण ‘आपले’ होते. घर असलेल्याला बाहेरचा विस्तव घरातून मोकळे करतो. घर नसलेल्याला तोच विस्तव रात्रीपुरते घर देतो. विस्तव एकच, दिशा परस्परविरुद्ध.

६. स्थळाचे प्रश्न

रोडग्याच्या नवसाला जागा लागते, आणि ती कोणतीही चालत नाही. शिवेवरचा देव, ठरलेले झाड, नदीचा ठरलेला काठ हे त्या वचनाचे साक्षीदार असतात. भंडारा जिल्ह्यात ही स्थळे गेल्या काही दशकांत वेगाने बदलली. पवनीजवळ वैनगंगेवर झालेल्या गोसीखुर्द प्रकल्पाचे भूमिपूजन १९८८ मध्ये झाले. पुढे त्याच्या जलाशयात भंडारा आणि नागपूर जिल्ह्यांतील अनेक गावे व शेतजमिनी गेल्या. पुनर्वसनात घराचा मोबदला मोजता येतो, जमिनीचाही मोजता येतो. गावाची शिव मात्र कोणत्याही नोंदवहीत बसत नाही. नव्या वसाहतीत चूल मांडता येते. बोललेला नवस फेडण्यासाठी परतायचे कोठे, हा प्रश्न उरतो. तो धार्मिक जितका आहे तितकाच भाषिकही आहे, कारण नवसाच्या वाक्यातील ‘येथे’ हा शब्दच पाण्याखाली गेलेला असतो.

वनक्षेत्राची बाजू वेगळी आहे. उमरेड-पवनी-कऱ्हांडला (२०१२) आणि कोका (२०१३) ही अभयारण्ये घोषित झाली. अभयारण्याला धोका पोहोचेल अशा रीतीने विस्तव पेटवण्यास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मनाई आहे आणि वणव्यांचा विचार करता ती योग्यच आहे. परंतु जंगल आणि माणूस यांचा संवाद ज्या स्थळी होत असे, ते स्थळही त्यामुळे आक्रसते. मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांच्या अरण्यलेखनाची जडणघडण ज्या नवेगावबांध परिसरात झाली, तो त्या काळी भंडारा जिल्ह्यातच होता. वनवासी, मासेमार, जाणते शेतकरी यांच्याकडून मिळालेले शब्द आणि ज्ञान हे त्या लेखनाचे बलस्थान आहे. असे ज्ञान उंबरठ्याच्या आत सहसा हाती येत नाही. त्याला रानातली बैठक लागते.

याच काळात ‘पार्टी’ हा शब्द रूढ झाला. हुरडा पार्टी, रोडगा पार्टी या जोडशब्दांत पदार्थ तोच राहिला. त्यामागचा बोललेला शब्द गळाला. महामार्गावरील धाब्यांच्या आणि उपाहारगृहांच्या फलकांवर ‘बार्बेक्यू’ आला. हा शब्द कॅरिबियन बेटांवरील लोकभाषेतून स्पॅनिशमार्गे इंग्रजीत गेलेला. त्याचा मूळ अर्थ काठ्यांचा मांडव किंवा चौकट. म्हणजे बार्बेक्यू हे नाव साधनाचे आहे. नवसाच्या संदर्भात रोडगा हे नाव देय वस्तूचे आहे. या नामभेदात दोन दृष्टी दिसतात, तथापि त्यांवरून नव्या पंगतींना अर्थशून्य ठरवणे घाईचे होईल. शहरात स्थायिक झालेला मुलगा सुटीत गावी येऊन शेतात आर घालतो, तेव्हा देवीचा नवस नसला तरी परत येण्याचे एक अनुच्चारित वचन तो फेडत असतो. नवसाची भाषा गेली, ऋण राहिले.

७. समारोप

या विवेचनातून पुढील निष्कर्ष हाती येतात. घराबाहेरच्या अन्नाची रोडगा, काला आणि तीन दगडांची चूल ही तीन रूपे मराठी साहित्यात वेगवेगळे कार्य करतात. रोडगा व्यक्तीला शब्द देतो, काला तिचे वेगळेपण विरघळवतो, तीन दगड तिला निवारा देतात. एकनाथांच्या भारुडाचा अर्थ रोडग्याच्या सामूहिकतेचे भान ठेवल्याशिवाय पुरता उलगडत नाही. आणि ‘उघड्यावर’ या शब्दाचा अर्थ वाचकाच्या घराच्या असण्या-नसण्यावर अवलंबून आहे.

हरिश्चंद्र बोरकर यांच्या अभ्यासामुळे आणि झाडीबोली साहित्य संमेलनांमुळे या प्रदेशाच्या बोलीकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले गेले. शब्दसंग्रहाच्या त्या कामाला आता स्थळसंग्रहाची जोड हवी. महाविद्यालयीन अध्यापकांनी पदव्युत्तर विद्यार्थ्यांकडून क्षेत्रीय टिपणे करून घेताना कृती आणि साहित्य यांवर थांबू नये. नवस कोणी बोलले, कोणत्या शब्दांत बोलले, विस्तव कोठे पेटला, भाजले कोणी, पंगतीत कोण बसले आणि कोण लांब उभे राहिले, हे सहा प्रश्न प्रत्येक नोंदीत असावेत. गोसीखुर्दच्या जलाशयात गेलेल्या गावांतील वडीलधारी माणसे अजून त्या जागा झाडानिशी सांगू शकतात. ती आहेत तोवर हे विचारून घेतले नाही, तर रोडग्याची कृती पुस्तकांत राहील आणि तो कोणासाठी, कोठे वाहिला गेला, हे सांगणारे कोणी राहणार नाही.